पॅटीच्या कारखान्यात लीन बीफचा मेळ कसा घालायचा

अन्नतंत्रज्ञान किंवा पुरवठा साखळीचं शिक्षण घेऊन अमेरिकेतल्या मांसप्रक्रिया कारखान्यात रुजू झालेली मराठी मुलं-मुली आता बरीच आहेत. त्यांतल्या एखाद्याच्या टेबलावर पहिल्याच महिन्यात हा प्रश्न येऊन पडतो: विक्री विभागाने मे महिन्यासाठी पॅटीचा अंदाज वाढवून दिला आहे, ९० लीन (लीन म्हणजे बिनचरबीचं मांस) मिळत नाही, आणि जास्त चरबीचं ५० मात्र शीतगृहात मावत नाही. आता काय करायचं? हा लेख त्या टेबलासाठी आहे. इथे फक्त प्रक्रियेसाठी लागणाऱ्या बीफचा, म्हणजे बर्गर, पॅटी, खिमा, टॅको फिलिंग यांच्या कच्च्या मालाचा विचार केला आहे. स्टेकचं गणित वेगळं असतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की समजून घ्या. बर्गरची मागणी वाढली म्हणून कोणी जास्त गुरं कापत नाही. साखर कारखाना मळीसाठी ऊस गाळत नाही, तसंच हे आहे. अमेरिकेत फीडलॉटमध्ये, म्हणजे गुरं पोसण्याच्या मोठ्या वाड्यात, मका खाऊन पोसलेला बैल कापला जातो तो रिब-आय आणि स्ट्रिप या स्टेकच्या महाग तुकड्यांसाठी. त्यातून कापाकापीत निघालेले चरबीयुक्त तुकडे म्हणजे '५०', म्हणजे निम्मं मांस आणि निम्मी चरबी. '९०' म्हणजे ९० टक्के लीन. ते येतं मुख्यतः भाकड झालेल्या दुभत्या गाईंपासून, कळपातून काढलेल्या बीफ-गाईंपासून, वळूंपासून आणि आयातीतून. गाय कधी काढायची हे गवळी ठरवतो, आणि तो ठरवतो दुधाचा भाव, चारा आणि पाऊस बघून. तुमचा खरेदीचा अंदाज त्याच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून या धंद्यात पुरवठा मागणीच्या मागे धावेल अशी अपेक्षा ठेवू नका. जुळवून घेण्याची जबाबदारी तुमच्या मिश्रणावर, साठ्यावर आणि वेळापत्रकावर आहे.

पहिली पायरी: मागणी लीनमध्ये मोजा

विक्री विभाग सांगतो, 'आठवड्याला १०० टन पॅटी.' हा आकडा खरेदीच्या कामाचा नाही. पॅटी ८०/२० (८० टक्के लीन, २० टक्के चरबी) आहे, ७३/२७ आहे की ८५/१५, यावर सगळं अवलंबून आहे. इथे पिअर्सन चौकोन वापरा. तो शाळेतल्या मिश्रणाच्या गणितापेक्षा कठीण नाही: हव्या असलेल्या लीनमधून ५० वजा करा, आणि त्याला दोन्ही मालांच्या लीनमधल्या फरकाने भागा.

८०/२० साठी: (८० − ५०) ÷ (९० − ५०) = ७५ टक्के '९०', उरलेलं २५ टक्के '५०'. ७३/२७ साठी '९०' लागतं ५७.५ टक्के. ८५/१५ साठी ८७.५ टक्के. म्हणजे एकूण टनेज तेवढंच राहिलं, पण ग्राहक ७३ वरून ८५ कडे वळले, तर तुमची '९०'ची गरज दीडपटीहून जास्त वाढते. विक्रीच्या तक्त्यात हा बदल दिसतच नाही, कारण तिथे बेरीज १०० टनच येते. प्रत्येक उत्पादनाचा अंदाज वेगळा मागा आणि '९०' व '५०' अशा दोन रकान्यांत उतरवा. प्रक्रियेतली घट त्यावर धरा. आकडा तुमच्या यंत्रांच्या नोंदींतून घ्या, पुस्तकातून नको.

आता यातली खरी मेख. खोक्यावर '९०' लिहिलंय म्हणून आत ९०च असतं असं नाही. समजा माल प्रत्यक्षात ८८ निघाला. मग ८०/२० साठी ३० ÷ ३८, म्हणजे ७८.९ टक्के लागेल. १०० टनांमागे जवळजवळ चार टन जास्त. वर्षभरात हे दोनशे टनांच्या पुढे जातं, म्हणजे सुमारे अकरा-बारा कंटेनर, जे कोणाच्याही योजनेत नव्हते. त्यामुळे पुरवठादाराच्या प्रत्येक प्लँटची वेगळी नोंद ठेवा: लेबलवर किती आणि तुमच्या चरबी-विश्लेषकावर (एक्स-रेवर किंवा एनआयआर म्हणजे अवरक्त किरणांवर चालणारा) किती. तीनेक महिन्यांत कोणाच्या मालात सातत्याने लेबलपेक्षा लीन कमी येते ते कळतं. पुढच्या कराराच्या वेळी या वहीपेक्षा मोठं हत्यार तुमच्याकडे नसेल.

कायद्याचं भानही याच पायरीवर ठेवा. अमेरिकी नियमांत 'ग्राउंड बीफ' आणि 'हॅम्बर्गर' दोन्हींत चरबी ३० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही, पाणी किंवा भर घालता येत नाही. 'हॅम्बर्गर'मध्ये वेगळी बीफ-चरबी टाकता येते, 'ग्राउंड बीफ'मध्ये नाही. '५०' तुटलं आणि कोणी म्हणालं, 'सुटी चरबी मिसळू या,' तर आधी लेबल वाचा.

दुसरी पायरी: पुरवठ्याचं पंचांग भिंतीवर लावा

मागणीचं वेळापत्रक सगळ्यांना पाठ असतं. मेच्या शेवटच्या सोमवारचा मेमोरियल डे, ४ जुलै, सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारचा लेबर डे. या तीन सणांच्या दरम्यान घराघरांत ग्रिल पेटलेली असते. पुरवठ्याचं पंचांग मात्र थोड्यांनाच पाठ असतं, आणि पैसे तिथेच वाचतात.

अमेरिकेत बीफ-गाईंची छाटणी शरद ऋतूत होते. वासरांचं दूध तोडलं जातं, गाईंची गाभण-तपासणी होते आणि रिकाम्या गाई बाजारात येतात. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये देशी '९०' तुलनेने हाताशी असतं. न्यूझीलंडचं चक्र उलटं आहे. तिथे ऋतू उलटे, दुग्धव्यवसाय चराऊ कुरणांवरचा. दुधाचा हंगाम संपत येतो तेव्हा, मार्च ते मे, भाकड गाईंची लाट येते. जहाजाचा वेळ धरला तर तो माल अमेरिकेच्या उन्हाळ्यातच येऊन उभा राहतो. आयातदारांची निम्मी अक्कल हा योगायोग वापरण्यातच आहे.

ऑस्ट्रेलियात नाताळ-नववर्षाला कत्तलखाने बंद असतात आणि जानेवारी ते मार्च उत्तरेकडे पावसाळा असतो. रस्ते बुडाले की गुरं हलत नाहीत. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये अमेरिकेत उतरणारा माल कमी भरतो. तिथे दुष्काळ पडला की उलट घडतं: चारा नाही म्हणून शेतकरी गाई विकतात, लीनचा पूर येतो, आणि पुढे पाऊस झाला की कळप पुन्हा भरण्यासाठी गाई रोखून धरतात आणि दोन-तीन वर्षं टंचाई राहते. २०१९ चा दुष्काळ आणि त्यानंतरची २०२०-२२ ची टंचाई हे त्याचं ताजं उदाहरण. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाने १३.४ लाख टन बीफ निर्यात करून तेव्हाचा विक्रम केला. मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. दुष्काळात बैलबाजार का भरतो, हे त्याला ठाऊक असतं.

हंगामाच्या वर दहाएक वर्षांचं कळप-चक्र चालू असतं. १ जानेवारी २०२५ ला अमेरिकेत सगळी मिळून सुमारे ८ कोटी ६७ लाख गुरं होती, १९५१ नंतरचा सर्वांत कमी आकडा. भाव चढले की पुरवठा वाढायला हवा, असं अर्थशास्त्राच्या पुस्तकात असतं. गुरांच्या बाबतीत आधी तो घटतो. शेतकरी कालवडी विकायच्या थांबवतो, त्या गाभण राहतात (सुमारे २८३ दिवस), वासरू वाढतं, पोसलं जातं. कालवड रोखल्यापासून जादा मांस बाजारात यायला अडीच-तीन वर्षं लागतात. त्या काळात '९०' तर आटतंच, '५०'वरही ताण येतो.

दुधाच्या बाजूलाही एक नवी अडचण आहे. अलीकडे गवळी दुभत्या गाईंना बीफ-जातीचं वीर्य भरतात, कारण त्या संकरित वासराला चांगला भाव मिळतो. परिणामी दुभत्या कालवडी कमी पडतात आणि म्हाताऱ्या गाई गोठ्यात जास्त काळ राहतात. तुमच्या '९०'चा मोठा झरा असा वरच्या बाजूलाच आटतो. दुधाचे भाव पडले म्हणजे गाई बाजारात येतील, या जुन्या ठोकताळ्यावर म्हणूनच आता पूर्वीइतका भरवसा ठेवू नका.

'५०'चं नशीब वेगळं. गुरं कमी झाली, पण पोसलेल्या जनावरांची वजनं वाढत गेली. जास्त वजन म्हणजे जास्त चरबी. म्हणून गुरं कमी असतानाही '५०' तुलनेने मुबलक आणि '९०' दुर्मिळ, असं विचित्र चित्र उभं राहतं. लीन न मिळालेलं '५०' शेवटी चरबी वितळवणाऱ्या कारखान्यात कवडीमोलाने जातं. तेव्हा '५०' स्वस्त झालं म्हणून हुरळून उचलू नका. आधी त्याला जोडीला '९०' आहे का ते बघा.

तिसरी पायरी: आयातीचं गणित वेळेचं आणि कराचं

प्रक्रियेचं आयात बीफ बहुतेक गोठवलेलं, ६० पौंडांच्या म्हणजे २७.२ किलोच्या खोक्यांत येतं. २० फुटी कंटेनरमध्ये साधारण १७-१८ टन. ऑर्डर देणं, तिकडचं उत्पादन, जहाज, बंदर आणि अमेरिकी कृषी खात्याची पुनर्तपासणी मिळून दोन महिने धरून चाला. म्हणजे ४ जुलैचा माल मेच्या सुरुवातीला शोधायला निघालात तर तो कदाचित ५ जुलैला मिळेल.

गोठलेल्या मालाचा एक फायदा लोक विसरतात: दळताना गोठलेली लीन मिश्रणाचं तापमान खाली आणते, त्यामुळे थंड करायला लागणारा कार्बन डायऑक्साइड वाचतो. पण तुमचा ग्राहक 'ताजं, कधीच न गोठवलेलं' मागत असेल तर हा दरवाजा बंद. मॅकडोनाल्ड्सने २०१८ मध्ये अमेरिकेत क्वार्टर पाउंडर ताज्या मांसाचा केला. तसा ग्राहक असेल तर तुमच्याकडे साठ्याची उशी जवळपास उरत नाही. त्याच्या करारात किंमत आणि अंदाज बांधून घेण्याची अट जास्त कडक ठेवा.

कराचं चित्र वर्षातून कितीदा बदलेल याचा आता नेम नाही. ब्राझीलसारखे देश कमी कराच्या ज्या सामाईक कोट्यात मोडतात तो २०२५ मध्ये ६५,००५ टनांचा होता आणि जानेवारीतच संपला. त्यानंतर २६.४ टक्के कर. त्याच वर्षी एप्रिलमध्ये १० टक्के आणि ऑगस्टमध्ये आणखी ४० टक्के ब्राझीलवर लागला, बेरीज ७६.४ टक्के. नोव्हेंबरमध्ये बीफवरचे हे वाढीव कर मागे घेतले गेले. ज्याचा माल सप्टेंबरमध्ये समुद्रात होता त्याची अवस्था विचारू नका. यातून कामाचा नियम एकच: प्रत्येक आयात करारात कर बदलला तर तो कोण सोसणार हे लिहून घ्या, आणि एका देशावर तुमच्या लीन-गरजेचा मोठा वाटा टाकू नका.

'मग भारतातून का नाही?' हा प्रश्न मराठी वाचक विचारणारच. भारत हाडं काढलेलं गोठवलेलं म्हशीचं मांस मोठ्या प्रमाणावर निर्यात करतो, आणि मलेशिया, इंडोनेशिया, आखाती देशांत ते प्रक्रियेत भरपूर वापरलं जातं. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हैस त्यात नाही. पण लाळ्या-खुरकुताच्या कारणाने अमेरिकेचा बाजार भारतीय मांसाला बंद आहे. तुम्ही दुबईत किंवा क्वालालंपूरमध्ये हेच काम करत असाल तर या लेखातल्या '९०'च्या जागी म्हशीची लीन धरा. हिशोबाची पद्धत तीच राहते, हंगाम मात्र नव्याने मांडावे लागतील.

चौथी पायरी: साठा किती?

दोन टोकांच्या चुका दिसतात. एक, सगळं ताजं आणि आठवड्याच्या आठवड्याला. दोन, भीतीपोटी शीतगृह भरून टाकणं, मग भाड्यात आणि व्याजात नफा गेला. मधला रस्ता गणिताने काढा. समजा तुमच्या साप्ताहिक '९०' अंदाजात नेहमीची चूक (प्रमाण विचलन) ६ टन आहे आणि माल यायला ९ आठवडे लागतात. ९ चं वर्गमूळ ३. सहा गुणिले तीन, अठरा टन. १०० पैकी ९५ वेळा तुटवडा पडू नये असं हवं असेल तर १.६५ ने गुणा, म्हणजे सुमारे ३० टन. दोन कंटेनरपेक्षा थोडं कमी. एवढी उशी कायम ठेवा, आणि उन्हाळ्यापूर्वी न्यूझीलंडच्या लाटेतून त्यावर वेगळा हंगामी साठा करा. हे दोन साठे कागदावर वेगळे ठेवा. नाहीतर जूनमध्ये विक्रीवाले तुमची उशीच विकून मोकळे होतात.

तपासणीचे दिवस या हिशोबात धरायला विसरू नका. १९९३ मध्ये पश्चिम अमेरिकेत एका हॅम्बर्गर साखळीतून ई. कोलाय ओ१५७:एच७ ची साथ पसरली, मुलं दगावली, आणि १९९४ मध्ये हा जंतू कच्च्या ग्राउंड बीफमध्ये भेसळ ठरवला गेला. २०१२ पासून त्याच कुळातले आणखी सहा जंतू ट्रिमिंग्जमध्ये (दळायला जाणाऱ्या '९०', '५०' अशा तुकड्यांत) त्या यादीत आले. निकाल येईपर्यंत लॉट रोखून ठेवावा लागतो. साठा संगणकात दिसतो, पण वापरता येत नाही. 'हातात' आणि 'वापरण्याजोगा' असे दोन रकाने ठेवा. पुष्कळ संगणक-प्रणाली हे आपोआप करत नाहीत.

पाचवी पायरी: मिश्रणाचे पर्याय तयार ठेवा

तोल सांभाळण्याचं सर्वांत जलद साधन म्हणजे मिश्रण. '९०' आणि '५०' सोडून बाजारात ८५, ८१, ७३, ६५ असे माल असतात, शिवाय चक (खांदा) आणि राउंडचे (मागची मांडी) अख्खे तुकडे. उन्हाळ्यात लोक ग्रिलवरचे तुकडे मागतात, राउंडला गिऱ्हाईक कमी असतं. भाव पुरेसा उतरला की राउंड सरळ दळायला घेणं परवडतं.

तुलना नेहमी तयार मिश्रणाच्या भावाने करा, मालाच्या भावाने नाही. समजा '९०' पौंडाला ४ डॉलर आणि '५०' दीड डॉलर (भाव समजण्यापुरते घेतले आहेत). ८०/२० पडेल ३.३७५ डॉलरला. '८५' जर ३.६० ला मिळत असेल, तर त्यात ते लागेल ८५.७ टक्के आणि मिश्रण पडेल ३.३० ला. पौंडामागे साडेसात सेंट, १०० टनांवर साधारण साडेसोळा हजार डॉलर. म्हणजे '८५' महाग वाटत असेल तरी तो स्वस्त आहे. हा तक्ता एक्सेलमध्ये मांडून दर सोमवारी भाव भरा. त्याला फार मोठी प्रणाली लागत नाही, कोणी विकायला आलं तरी.

पण पर्याय कागदावर असून भागत नाही. गुणवत्ता विभागाची आणि ग्राहकाची मंजुरी आधीच हवी. टंचाईच्या आठवड्यात नवं मिश्रण मंजूर करून घ्यायला जाल तर सहा आठवडे जातील. शांत हिवाळ्यात दोन-तीन पर्यायांच्या चाचण्या उरकून ठेवा. आणि लोक काय स्वीकारतील याचाही अंदाज घ्या. २०१२ मध्ये चरबीतून वेगळ्या काढलेल्या बारीक लीनवर, ज्याला लोकांनी 'पिंक स्लाइम' म्हटलं, गदारोळ झाला. किराणा साखळ्यांनी तो माल नाकारला, प्लँट बंद पडले, आणि '५०'मधून काढली जाणारी त्यातली बरीच लीन एका झटक्यात बाजारातून गेली. तुटीची बरीचशी भरपाई आयात '९०'ला करावी लागली. सुरक्षिततेचा प्रश्न नसतानाही एखादा घटक काही आठवड्यांत वापराबाहेर जाऊ शकतो.

सहावी पायरी: भाव कसा बांधायचा

अमेरिकी कृषी खातं ट्रिमिंग्जचे भाव नियमित जाहीर करतं. बहुतेक करार 'मागच्या आठवड्याची सरासरी अधिक-उणे काही सेंट' अशा सूत्र-भावाचे असतात. त्यामुळे पुरवठा मिळतो, पण भावाचा धोका राहतो. शिकागोच्या वायदेबाजारात जिवंत गुरांचे वायदे आहेत, पण ते पोसलेल्या जनावरांचे. '९०'चा भाव कित्येकदा त्यांच्याबरोबर चालत नाही. म्हणून त्यांच्यावर '९०'चं संरक्षण बांधू नका. माझा कल असा: मूळ गरजेचा मोठा भाग, साठ ते सत्तर टक्के, सूत्र-भावाच्या करारात, किरकोळ दुकानांनी आधीच जाहीर केलेल्या सवलतींपुरता माल ठरलेल्या भावात आगाऊ, उरलेलं रोखीच्या बाजारात. सवलतीचा माल ठरलेल्या भावातच घ्या, कारण दुकानाने जाहिरातीत किंमत छापलेली असते आणि ती बदलता येत नाही.

जून २०२५ मध्ये अमेरिकेत ग्राउंड बीफचा सरासरी किरकोळ भाव पहिल्यांदाच पौंडाला ६ डॉलरच्या वर गेला, तरी मागणी कोसळली नाही. कारण स्टेक परवडेनासा झालेला ग्राहकही खिम्याकडेच येतो. भाव वाढला की मागणी आपोआप कमी होऊन तोल साधेल, या भरवशावर अंदाज मांडू नका.

सातवी पायरी: तुटवडा आलाच तर

आठवड्यातून एकदा खरेदी, उत्पादन, विक्री आणि गुणवत्ता या चौघांनी अर्धा तास बसावं. टेबलावर एकच कागद: पुढच्या बारा आठवड्यांची '९०' आणि '५०'ची गरज, वापरण्याजोगा साठा, समुद्रातला माल, आणि फरक. फरक उणे आला तर हा क्रम पाळा. आधी मंजूर पर्यायी मिश्रण. मग सवलतीच्या तारखा पुढेमागे करता येतात का ते दुकानाला विचारा. सहा आठवडे आधी विचारलं तर बहुतेक हो म्हणतात, दोन आठवडे आधी विचारलं तर शिव्या बसतात. मग जास्त लीन खाणारी आणि कमी नफ्याची उत्पादनं थोपवा. इथे नफा पॅटीच्या टनामागे मोजू नका, '९०'च्या टनामागे मोजा. ८५/१५ वर टनाला जास्त नफा दिसत असेल, पण तो ८७.५ टक्के '९०' खातो. ७३/२७ फक्त ५७.५ टक्के. ८५/१५ चा टनी नफा ७३/२७ च्या दीडपटीहून जास्त नसेल, तर टंचाईत ७३/२७ आधी चालवा. शेवटी रोखीचा बाजार, कितीही महाग असला तरी, आणि तोही फक्त ज्या ग्राहकाशी दंडाची अट आहे त्याच्यापुरता.

फरक अधिक आला तर '५०' आधी हलवा. ताज्या '५०'चं आयुष्य मोजकं असतं, आणि गोठवून ठेवलं तरी चरबी महिन्यागणिक खवट होत जाते. '९०' गोठवलेलं थांबू शकतं.